अर्ज तुझ्या नावावर आहे

प्रिय ताई,

मी ३९ वर्षांची आहे. इंग्लंडमध्येच लहानाची मोठी झाले, इथेच नर्स झाले आणि गेली १५ वर्षं इथल्या सरकारी रुग्णालयात काम करते. नवरा ४२ चा. मागच्या वर्षी त्याची नोकरी गेली. आता मिळाली आहे, पण त्याच्या मनासारखी नाही. तेव्हापासून घरात एकच विषय: ऑस्ट्रेलिया. तो म्हणतो, भाषा तीच, गाडी डावीकडूनच चालवायची, राजासुद्धा तोच, शाळा-दवाखाने थोड्याफार फरकाने सारखेच. फक्त ऊन जास्त आणि घर मोठं. ‘परदेशात गेल्यासारखं वाटणारसुद्धा नाही,’ हे त्याचं पालुपद.

मुलगा १४ चा, मुलगी ८ ची. मुलगी आनंदाने नाचते आहे. मुलगा विषय निघाला की जेवणाच्या टेबलावरून उठून जातो. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई ७१ ची, आमच्यापासून २० मिनिटांवर एकटी राहते. बहीण इंग्लंडमध्येच आहे, पण लांब. आई म्हणते, ‘माझ्यासाठी अडून राहू नका,’ आणि मग त्या दिवशी पुन्हा फोन करत नाही.

आठ महिन्यांनी मला ४० पूर्ण होतील आणि व्हिसासाठी वयाचे जे गुण मिळतात ते कमी होतील, म्हणून नवऱ्याला या महिन्यातच निर्णय हवा आहे. मला नाही म्हणायचं नाही, पण हो म्हणायला गेलं की छातीत धस्स होतं. सगळं सारखंच आहे, तर मला भीती कसली वाटते? मी भित्री आहे का?

— काठावरची

काठावरची,

तू भित्री नाहीस. तुला परक्या देशात जायचं आहे आणि घरातला कर्ता माणूस म्हणतो आहे की तो देश परका नाहीच. मग भीती बोलून दाखवायला जागाच उरत नाही. ती छातीत जाऊन बसते.

समज, नवऱ्याने जपानचं नाव काढलं असतं. तुम्ही वर्षभर आधी भाषेच्या मागे लागला असता. मुलांना समोर बसवून समजावलं असतं. आईचं काय, यावर चार वेळा भांडून पाचव्यांदा काहीतरी ठरवलं असतं. नाही जमलं तर परत कधी आणि कसं यायचं, हेही बोलून झालं असतं. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही, हे तुझ्या पत्रात ओळीओळीत दिसतं. मला स्थलांतराची जी पत्रं येतात, त्यांतली सर्वांत गोंधळलेली पत्रं अशा सारख्या दिसणाऱ्या देशांत गेलेल्यांची असतात. चीनला गेलेला माणूस पहिल्या महिन्यात रडला तर कुणाला नवल वाटत नाही. मेलबर्नला गेलेल्याला मात्र स्वतःचीच लाज वाटते.

आणि हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश कुटुंबांना माणशी १० पौंडांत बोटीने नेलं, मुलांना तर फुकट. अट एकच, निदान दोन वर्षं राहायचं, नाहीतर प्रवासाचा खर्च भरायचा. दहा लाखांहून जास्त लोक गेले. भाषा तीच, राजमुकुट तोच, आणि त्या देशाला ही माणसं हवीच होती. तरीही त्यांतले साधारण पाव लोक परत आले. परत आलेल्यांतले कितीतरी काही वर्षांनी पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले, कारण तोवर इंग्लंडही त्यांना आपलं वाटेनासं झालं होतं. तिथे कुणी घराच्या आठवणीने कुरकुरलं की त्याला ‘व्हिंजिंग पॉम’ म्हणत, म्हणजे रडका इंग्रज. तो शब्द अजून गेलेला नाही.

तुझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती तू लिहिली नाहीस, पण तुझ्या मनात असणार. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडचे लोक पहिले आणि भारताचे दुसरे होते. तू तिथे तोंड उघडलंस की इंग्लंडची, गप्प राहिलीस तर भारताची. दोन्हीकडे माणसं भेटतील, चांगली भेटतील. पण ‘तू मूळची कुठली?’ या प्रश्नाला इंग्लंडमध्ये उत्तर द्यायला तू शाळेत असताना शिकलीस, ते उत्तर आता चाळिशीत नव्याने तयार करावं लागेल. थकवा येतो त्याचा. येऊ दे, फक्त तो येणार हे माहीत असू दे.

आता त्या तारखेचं बघू, कारण गळ्याशी तीच आली आहे. नवरा म्हणतो ते खरं आहे. तिथल्या गुणपद्धतीत ३३ ते ३९ वयाला २५ गुण मिळतात, ४० ते ४४ ला १५, आणि ४५ पूर्ण झाली की तो रस्ता बंद. अर्ज करायचं तिथल्या सरकारचं निमंत्रण येतं त्या दिवशीचं वय धरतात. म्हणजे वाढदिवसाला तुझे १० गुण जाणार. पण ही मुदत कागदांची आहे, घर आवरण्याची नाही. कायम वास्तव्याचा व्हिसा मिळाला की दिलेल्या तारखेच्या आत एकदा तिथे जाऊन यावं लागतं. त्यानंतर व्हिसा मिळाल्या दिवसापासून पाच वर्षं ये-जा करता येते. निर्णयाला तुझ्याजवळ एक महिना नाही, काही वर्षं आहेत. हे तुम्हा दोघांनाही कुणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हणून कागद आजच सुरू कर. निमंत्रणाआधी तुझ्या शिक्षणाची आणि अनुभवाची तपासणी तिथल्या परिचर्या परिषदेकडून व्हावी लागते, तेव्हा आठ महिने काही फार नाहीत. ब्रिटनमध्ये शिकून तिथेच काम केलेल्या नर्सना नोंदणीचा रस्ता २०२५ पासून सोपा झाला आहे, हे तुझ्या बाजूने आहे. इंग्रजीचं मात्र ऐक. ब्रिटिश पासपोर्टवर तुझं इंग्रजी पुरेसं धरतात, पण त्याला गुण शून्य. परीक्षेत सर्वांत वरची पातळी गाठलीस तर २०. वाढदिवसाला जाणाऱ्या गुणांच्या दुप्पट आहेत हे. जन्मभर इंग्रजीत बोललेल्या बाईनेही परीक्षेला बसायचं, यावरूनच समज की दार उघडं असलं तरी ते दुसऱ्याच्या घराचं आहे. अर्जाची फी मोठी असते आणि साधारणपणे परत मिळत नाही. ती गेली असं समजूनच भर. आणि फी भरली म्हणजे जायचं ठरलं असं नाही, हे भरण्याआधी दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगा. पैसे गेले म्हणून मन ओढत नेणारी घरं मी पाहिली आहेत.

तुझं पत्र वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. नवऱ्याला जायचं आहे, नवऱ्याला निर्णय हवा आहे, नवऱ्याला वाटतं. पण अगं, व्हिसा कुणाच्या जोरावर मिळणार आहे? तुझ्या नर्सिंगच्या. मुख्य अर्जदार तू. तो आणि मुलं तुझ्यामागून येणार. तिथे पहिल्या महिन्यात पगार तुझा येईल. हे त्याला खाली दाखवायला सांगत नाही. ज्याची नोकरी जाते त्याचं घरातलं बोलणं कमी होतं, आणि मग दूरचा देश फार जवळचा वाटू लागतो, हे मला कळतं. त्याच्या दुःखाला मान दे. पण त्याला एक प्रश्न विचार: तिथे पोहोचल्यावर तिसऱ्या महिन्यातल्या एखाद्या सोमवारी सकाळी दहा वाजता तू काय करत असशील? समुद्र, अंगण, ऊन ही उत्तरं धरायची नाहीत. कामाचं नाव हवं, ते कोण देतं आणि त्याला कुठला परवाना लागतो हे हवं. कारण तिथे काम मिळालं नाही तर नव्याने आलेल्यांना बेकारीभत्त्यासाठी साधारणपणे चार वर्षं थांबावं लागतं. बिनकामाचा माणूस इंग्लंडमध्ये निदान मित्रांत असतो.

यापुढचं वाचायला जड जाईल, पण लिहिणं भाग आहे. तुमचं लग्न मोडेल असं मी म्हणत नाही. नुसतं एवढंच झालं, की दोन वर्षांनी तुला परतायचं आहे आणि त्याला नाही, तर? मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दोघांनाही लागू आहे. कुटुंब तिथे स्थिरावलं की मुलांचं नेहमीचं वास्तव्य कायद्याने ऑस्ट्रेलियातलं ठरतं. मग दुसऱ्या पालकाची संमती किंवा कोर्टाची परवानगी असल्याशिवाय मुलांना इंग्लंडला आणून ठेवता येत नाही. पासपोर्ट ब्रिटिश आहेत, आजी इंग्लंडमध्ये आहे, काहीही असो. कितीतरी आया याच ठिकाणी अडकतात, आणि निघताना त्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं. म्हणून विमानात बसण्याआधी कुटुंबविषयक वकिलाला एकदा भेट. आणि दोघं मिळून एक तारीख ठरवा, पोहोचल्यापासून दोन वर्षांची. त्या दिवशी दोघांपैकी एकाचं जरी मन लागलेलं नसलं तर काय करायचं, हे आजच लिहून सही करा. त्या कागदाने कोर्ट बांधलं जाईलच असं नाही. पण ‘जमलं नाही तर येऊ की परत’ हे वाक्य लिहायला बसल्यावर नवरा काय लिहितो, ते तुला निघण्याआधीच कळेल.

मुलगा टेबलावरून का उठतो, हे त्याला विचारलंस का? मला वाटतं मित्र, कदाचित एखादी मैत्रीण. तुम्ही बोलताना त्याच्या १६ व्या वर्षीच्या शालान्त परीक्षा येतात, पण तो येत नाही. त्या परीक्षांचा अभ्यास दोन वर्षांचा असतो, आणि ऑस्ट्रेलियात ती परीक्षाच नाही. मध्येच उचललंस तर अर्धा अभ्यास वाया. पुढचंही धर. तिथे विद्यापीठाच्या फीसाठीचं सरकारी कर्ज मुख्यतः नागरिकांनाच मिळतं, कायम रहिवाशाला नाही, आणि नागरिकत्वाला साधारण चार वर्षं लागतात. उलट तो शिकायला इंग्लंडला परत यायचा म्हणाला, तर स्थानिक फीसाठी आधीची तीन वर्षं ब्रिटनमध्येच राहिलेला हवा. म्हणजे १८ व्या वर्षी तो दोन्ही देशांच्या मधोमध सापडू शकतो. ते पैसे आजच बाजूला धरावे लागतील.

मी तुझ्या जागी असते तर त्याच्या परीक्षा होऊ दिल्या असत्या. तिथलं शालेय वर्ष जानेवारीअखेरीस सुरू होतं. १६ चा होऊन, हातात निकाल घेऊन तो अकरावीत बसेल, आणि मुलगी तेव्हा दहाची, तिला काहीच जड नाही. पाच वर्षांच्या मुभेत हे आरामात बसतं. आधीची ती एक फेरी मात्र जुलैमध्ये करा, तिथल्या हिवाळ्यात. घरं आतून किती गार असतात ते बघा, भाड्याची घरं बघायला रांगेत उभे राहा, मुलाला एखाद्या शाळेत नेऊन आणा. समुद्र एक दिवस पुरे.

आईचं शेवटी लिहिते आहे, कारण इथे मला कठोर व्हावं लागतं. ‘आई नंतर येईल’ हे वाक्य तुमच्या घरात कुणी बोलत असेल तर ते बंद करा. पालकांच्या कायम व्हिसाची साधी रांग ३० वर्षांच्या आसपास आहे. पैसे भरून जी वेगळी रांग आहे तिथे माणशी ४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त लागतात, आणि तरी दहा वर्षांहून अधिक थांबावं लागतं. आई ७१ ची आहे. ती कायमची आलीच, तर तिचं ब्रिटिश सरकारी पेन्शन ज्या आकड्यावर असेल तिथेच गोठेल, ऑस्ट्रेलियात दरवर्षीची वाढ मिळत नाही. तुझंही पुढे तसंच होईल. शक्य आहे ते एवढं: भेटीच्या व्हिसावर एका वेळी तीन महिने, किंवा पालकांचा तीन-पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, तोही एकूण दहा वर्षांपर्यंतच. सिडनी इंग्लंडच्या पुढे ९ ते ११ तास असतं. ती संध्याकाळी पडली तर तुझ्याकडे पहाट असेल, आणि मिळेल ते पहिलं विमान पकडलंस तरी पोहोचायला जवळजवळ एक दिवस जाईल.

‘अडून राहू नका’ म्हणते तेही ती मनापासूनच म्हणते, आणि फोन करत नाही तेही मनापासूनच. दोन्ही खरं मानून तिच्याकडे जा. परवानगी मागायला जाऊ नकोस, नाहीतर ती देऊन टाकेल. कामाचं विचार: किल्ली कुणाकडे असेल, दवाखान्यात कोण नेईल, बहिणीने किती करायचं आणि ते बहिणीला मान्य आहे का, रविवारी फोन किती वाजता. एका तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्यांना हात लावू नकोस.

या आठवड्यात आधी मुलाशी बोल, दोघंच कुठेतरी चालत जा आणि त्याला बोलू दे. मग आईकडे एकटी जा. नवऱ्याशी त्यानंतर बोल, आणि बसताना कॅलेंडर समोर ठेव: त्यात तुझा वाढदिवस, मुलाच्या परीक्षा, जुलैची फेरी आणि पोहोचल्यानंतरची दोन वर्षांची तारीख त्याच्या हाताने लिहून घे.

— ताई