घंटा वाजली की पहिला घोट

अल्बम ऐकत बिअर प्यायची, तर कुठल्या अल्बमला कुठली ते सांगतो. पहिल्याच दिवशी आयपीए (हॉप्स नावाची फुलं भरपूर घातलेली कडू बिअर) आणि शेंगा चटणी एकत्र घेऊ नकोस बे. हॉप्सचा कडूपणा तिखटाला आणखी भडकवतो. मी केलंय हे. अर्धा तास हाशहुश करत बसलो, अल्बम कुठला लावला होता तेही आठवत नाही.

सोलापूरच्या एप्रिलात सुरुवात गव्हाच्या बिअरने कर. हलकी असते, काहींना केळी-लवंगेचा वास येतो (तो यीस्टचा, कुणी केळं घालत नाही). सोबत क्रीडन्स या रॉक बँडचा 'कॉस्मोज फॅक्टरी', १९७०चा. फार डोकं लावायला नको.

स्टाउट (काळी बिअर) मात्र पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'साठी राखून ठेव. १९७३चा अल्बम, साधारण ४३ मिनिटांचा. फ्रिजमधून काढल्या काढल्या स्टाउट मुकी लागते. घाई करू नकोस. पहिली बाजू संपून गल्ल्याच्या खणखणाटाने 'मनी' हे गाणं सुरू होतं, तोवर तिचा गारठा उतरलेला असतो आणि भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कॉफीसारखा वास वर येतो. आपल्याकडे पंख्याखाली तर ती त्याआधीच कोमट व्हायची, म्हणून ग्लास अर्धाच भर. चावायला कडक भाकरी, कोरडीच.

एसी/डीसीच्या 'बॅक इन ब्लॅक'ला थंडगार पिल्सनर (फिकट सोनेरी बिअर). अल्बम घंटेनेच सुरू होतो. घंटा वाजली की पहिला घोट. यावर वाद नको.

आणि हो, आयपीए घेताना बाटलीवरची तारीख बघ. जुनी झाली, त्यात दुकानात उन्हाजवळ ठेवलेली असली, की हॉप्सचा वास उडालेला असतो.