मागचं दार बंद का ठेवतात?

प्रश्न: मी भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करते. चोरी होते म्हणून शिफ्ट सुरू झाली की मागच्या दाराला कुलूप लागतं. मुलगी म्हणाली अमेरिकेत असंच कुलूप लावल्याने खूप मुली जळाल्या होत्या. खरंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, अगदी खरंय, आणि कारणही तेच, चोरी. २५ मार्च १९११, शनिवार, न्यूयॉर्कमधली ट्रँगल शर्टवेस्ट ही बायकांचे ब्लाउज शिवणारी फॅक्टरी, सुट्टी व्हायला थोडाच वेळ होता तेव्हा आठव्या मजल्यावर आग लागली आणि नवव्या मजल्यावरच्या मुली दाराकडे धावल्या तर एका जिन्याचं दार कुलपात! फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती, त्यामुळे कितीतरी जणींनी खिडकीतून उड्या मारल्या. १४६ माणसं गेली, बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या तरुण पोरी. मालक तर कोर्टातून सुटले, मला याचा अजून राग येतो.

पण लोक गप्प बसले नाहीत. राज्याने चौकशी आयोग नेमला, त्यांनी कारखाने फिरून पाहिले आणि पुढच्या काही वर्षांत दारं, जिने, आगीची ड्रिल, कामाचे तास यावर ढीगभर कायदे आले. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगार मंत्री झाल्या.

आपल्याकडेही १९४८ च्या कारखाना कायद्यात आगीत सुरक्षित बाहेर पडायची सोय मालकाने करायचीच असं होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या कायद्यातही कामाची जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी मालकाचीच आहे. चोरीसाठी कॅमेरा लावा म्हणावं, नाहीतर आतून सहज उघडणारी कडी. चार-पाच जणी मिळून आधी मालकाला लेखी द्या, नाही ऐकलं तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस पुण्यातच आहे, तिथे अर्ज करा.