वाचकांचे प्रश्न : अ‍ॅव्हेंजर २२० घेऊ की मीटिओर ३५०?

प्रश्न : सर, मी कराडचा. नोकरी इथेच, पण सासरवाडी चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाट आमच्या पाचवीला पुजलेला. मित्राची बजाज अ‍ॅव्हेंजर क्रूझ २२० विकायची आहे, एकदम मेंटेन ठेवलेली, आणि घरचे म्हणतायत घ्यायचीच तर नवी रॉयल एनफिल्ड मीटिओर ३५० घे. दोन्ही चालवून बघितल्या पण गावातल्या गावात. अ‍ॅव्हेंजरवर बसलं की सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं, मीटिओर जरा उंच आणि जड वाटली. घाटात वळणांवर कोणती भरवशाची? बहुतेक वेळा डबलसीटच असणार, तेही धरून सांगा.

उत्तर : गावातल्या गावात बघितल्यात ना, मग अ‍ॅव्हेंजरच आवडणार, त्यात नवल नाही. तिची सीट जमिनीपासून ७३७ मिमी आणि वजन १६३ किलो, मीटिओरची सीट ७६५ आणि वजन १९१. म्हणजे २८ किलोचा फरक, आणि तो गाडी चालवताना कमी, पार्किंगमधून मागे ढकलताना जास्त कळतो. पण तुम्ही विचारलंय घाटाचं, आणि घाटात सीट किती खाली आहे यापेक्षा पाय कुठे ठेवलेत ते बघायचं असतं.

अ‍ॅव्हेंजरचे फुटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, पार पुढे आहेत. ही जुनी घराणेशाही आहे, २००१ साली कावासाकी बजाज एलिमिनेटर आली, तिच्यावरून २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर झाली, इंजिनं बदलत गेली पण ती ऐसपैस बसण्याची पद्धत काही सुटली नाही. पाय लांब सोडलेले, कंबर मागे, हँडल अंगाकडे वळलेलं, त्यामुळे सगळा भार कमरेवर. साताऱ्याकडे हायवेने ऐंशीच्या आसपास निघालात तर यासारखं सुख नाही. पण घाटात वळणाच्या मधोमध खड्डा आला की काय होतं बघा, साध्या गाडीवर आपण नकळत पेगवर जोर देऊन बूड जरा उचलतो आणि दणका पायांत जिरतो, इथे पाय पुढे असल्यामुळे उठायचं तर हँडल ओढूनच उठावं लागतं, आणि वाकलेल्या गाडीचं हँडल ओढलं की तिची लाइन, म्हणजे वळणातला धरलेला मार्ग, हललीच समजा. नाही उठलात तर दणका सरळ मणक्यात. मीटिओरचे पेगही पुढेच आहेत, शेवटी तीही क्रूझरच, म्हणजे ऐसपैस बसून चालवायची गाडी, पण गुडघा बऱ्यापैकी वाकलेला राहतो, तेवढ्यावर अंग सावरता येतं.

आता वळण्याचं. अ‍ॅव्हेंजरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १४९० मिमी, मीटिओरचा १४००. नऊ सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण हेअरपिनला, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणाऱ्या वळणाला, जाणवतात. अ‍ॅव्हेंजरला वळण आधीच सांगून ठेवावं लागतं, एकदा वाकली की गुमान जाते, पण मध्येच समोरून एसटी वळण कापत आली आणि तुम्हाला लाइन बदलायचीय तर ती ऐकायला वेळ लावते. मीटिओर काही चपळ नाही, कुणी तसं सांगत असेल तर हसून सोडून द्या, पण ती ज्या गतीने वाकते ती गती ठरलेली आहे, वळणाच्या आतल्या बाजूच्या हँडलला पुढे हलका दाब द्या, सावकाश वाकेल आणि तिथेच राहील. पुढचं चाक १९ इंची आणि टायर १०० मिमी रुंदीचा, अ‍ॅव्हेंजरचं १७ इंची आणि ९० चा, त्यामुळे पावसाळ्यानंतर रस्त्याला ज्या चरा पडतात त्यांवरून मीटिओर शांतपणे जाते.

एक मात्र दोन्हीला लागू, फार वाकवायच्या गाड्या नाहीत या. जरा जोशात गेलात की पेग रस्त्याला घासून खर्रर्र आवाज येतो. पहिल्यांदा आला तर दचकून ब्रेक मारू नका, पेग वर दुमडतो, गाडी पडत नाही, पण ती सूचना समजायची, त्यापुढे वाकवायचं नाही.

इंजिनाचा वळणाशी काय संबंध असं वाटेल, तर आहे. अ‍ॅव्हेंजरचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १७.५५ न्यूटन मीटर आणि तोही ७००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेईल तेव्हा, मीटिओरचा २७, आणि ४००० लाच. मागे वहिनी, डिकीत सामान आणि चढ, अशा वेळी अ‍ॅव्हेंजर खालच्या गिअरला घेऊन पिळत ठेवावी लागते, वळणात गिअर बदलायची वेळ येते, पुढे ताणलेल्या पायाने. मीटिओर तिसऱ्यात ओढून नेते.

ब्रेकचं उतारावर कळेल. मीटिओरला दोन्ही चाकांना डिस्क आणि ड्युअल चॅनेल एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. अ‍ॅव्हेंजरला मागे ड्रम, एबीएस फक्त पुढच्या चाकाला. क्रूझरवर मागच्या चाकावर भार जास्त म्हणून पायाचा ब्रेकही जास्त वापरला जातो आणि नेमकं तेच चाक ओल्या रस्त्यावर लॉक होतं. मित्राची गाडी कोणत्या सालची तेही बघा, एबीएस १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्याआधीची असेल तर बहुधा नसणारच.

मीटिओरची खोड सांगायची तर मागचे शॉकअप कडक, एकटे असाल तर गतिरोधकावर उडवते, डबलसीटला उलट बरी बसते. आणि शंभरच्या पुढे पळवायला जाऊ नका, दम लागतो तिला.

तुमच्या रस्त्याला मीटिओर. नुसतं गावातल्या गावात फिरायचं असतं तर मित्राकडून अ‍ॅव्हेंजर घ्या म्हटलं असतं, पैसेही वाचले असते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच, नाशिकला असते, पहिलीच बाईक घेतेय. सगळे म्हणतात बुटकी सीट म्हणून अ‍ॅव्हेंजरच घे. बरोबर आहे का?

उत्तर : ताई, अर्धं बरोबर आहे. दोन्ही पाय जमिनीला टेकणं, गाडी हलकी असणं, यात अ‍ॅव्हेंजरच पुढे. पण सीट खाली असली तरी पेग पुढे, सीटपासून लांब आहेत, आणि कमी उंचीच्या माणसाला गिअरपर्यंत पाय पोचवायला कमरेतून पुढे सरकावं लागतं, मग पाठ सीटच्या कुशनला टेकत नाही आणि अर्ध्या तासात दुखायला लागते. यू-टर्नला हँडल पूर्ण वळवलं की बाहेरचा हातही ताणला जातो, नेमका क्लच सोडायच्या वेळेला.

शोरूमवाले टेस्ट राइड सरळ रस्त्यावर देतात. त्यांना सांगा, यू-टर्न दोन्ही बाजूंनी घेणार, आणि बंद गाडी स्टँड काढून, वर बसून, पायांनी मागे ढकलून बघणार. शूज रोजचेच घाला. ढकलताना मीटिओर झेपली तर सीटच्या २८ मिमीसाठी अ‍ॅव्हेंजर घेऊ नका.