ते तर हेडक्वार्टरमध्ये होते, मग त्रास कसला?

"हे प्रत्यक्ष लढाईत नव्हते हो, हेडक्वार्टरमध्ये होते. मग इतक्या वर्षांनी हा त्रास कसला?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या निवृत्त कर्नलसाहेबांच्या पत्नीने विचारलं. फौजी कुटुंबांकडून हा प्रश्न नेहमी येतो, आणि बहुतेकदा त्या अधिकाऱ्याने तो आधी स्वतःलाच विचारलेला असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

जुलै 1987 मध्ये भारत-श्रीलंका करार झाला आणि भारताची शांतिसेना श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्यात उतरली. ऑक्टोबरात तमिळ बंडखोर संघटना एलटीटीईविरुद्ध 'ऑपरेशन पवन' सुरू झालं तेव्हा साहेब तरुण मेजर होते, जाफन्याजवळच्या पलालीच्या तळावर स्टाफ ऑफिसर. वायरलेसवरचे संदेश लॉगमध्ये चढवायचे, नकाशावर खुणा करायच्या, जखमी आणि मृतांच्या याद्या पुढे पाठवायच्या. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या 30 जवानांपैकी 29 मारले गेले, ते हेच दिवस. नंबर, हुद्दा, नाव. एक आकडा चुकला की तार भलत्याच घरी. आजही लग्नपत्रिका आली की साहेब पेन्सिल घेऊन नाव न् नाव तपासतात. त्यावर घरचे हसायचे. पण रात्री फोन वाजला की ते ताडकन उठून उभे राहत, घामाघूम होत, तेव्हा कुणाला हसू येत नसे.

"ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांच्यापुढे मी कोण?" सुरुवातीच्या भेटी या वाक्यावरच अडल्या. मनाच्या दुखण्यात शौर्यपदकांसारखी श्रेणी नसते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये मानसिक आघाताचे निकष सुधारले, त्यात कामाचा भाग म्हणून मृत्यूचे भीषण तपशील वारंवार हाताळणंही धरलं आहे. हे ऐकून साहेब बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे मी नाटक करत नाही."

पुढचं काम सावकाश झालं. एकच रात्र निवडायची आणि पहिल्या संदेशापासून उजाडेपर्यंत क्रमाने सांगायची. त्या रात्री काय कळलं होतं आणि काय नंतर कळलं, हे दोन रकान्यांत लिहायचं. ही कल्पना त्यांचीच. स्टाफ ऑफिसरला रकाने आवडणारच! "मग माझा दोष शून्य?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं नाही. घाईने दिलेली माफी अशा माणसाला खोटी वाटते. त्यांच्या हातात खरोखर किती होतं, ते त्यांनाच मोजू दिलं. झोपेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं.

बाईंना एवढंच सांगितलं: "जुनं झालं, विसरा" म्हणू नका, खोदून तपशीलही विचारू नका. रात्री उठले तर दिवा लावा, शेजारी बसा.

आता झोप बरी आहे. ऑक्टोबर अजून जड जातो, म्हणून त्या महिन्यात भेटी आधीच ठरवून ठेवतो. तुमच्या घरी असं कुणी असेल आणि प्रत्यक्ष यायला तयार नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर निदान पहिला फोन तुम्ही करा.