दुभत्याचं कपाट, हिरवा रंग आणि घरातला वाद

प्रश्न : वाडा पाडला, तेव्हा आजेसासूबाईंचं सागवानी दुभत्याचं (दूध-दही ठेवायचं जाळीचं) कपाट आम्ही फ्लॅटमध्ये आणलं. जुन्या हिरव्या ऑइलपेंटचे पोपडे निघताहेत. मुलीला ते पांढरं रंगवून, कडा घासून ‘व्हिंटेज लूक’ द्यायचाय. हे म्हणतात, सगळा रंग खरवडून चकाचक पॉलिश करू. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तूर्त कोणाचंच नको. आधी पॉलिशपेपर खाली ठेवा! घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दर दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७मध्ये. तुमचा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात शिसं असेल असंच धरून चाला. कोरडं घासलंत तर ती धूळ घरभर होईल, आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वांत जास्त. सुटलेले पोपडे पाणी फवारून, मास्क लावून, पट्टीने अलगद काढा, खाली पसरलेल्या कागदासकट गुंडाळून टाका. पक्का बसलेला रंग तसाच राहू द्या. वरून मॅट क्लिअर वॉर्निशचे दोन हात पुरेत. आता त्यात खाण्याचं काही ठेवू नका. पुस्तकं, चादरी ठेवा.

मुलीला एक दाखवा. कडीभोवतीचा रंग बोटांनी गेलाय. फळीची पुढची कड पातेली ओढून झिजलीय. आणि हात भरलेले असताना पायाने दार लोटायची सवय घरात कोणाला तरी असणार, म्हणून खालचा कोपरा उघडा पडलाय. मागची बाजू मात्र कोरी. सुतार ‘लूक’ देतो तेव्हा चारही कोपरे सारखेच घासतो, तिथेच सोंग उघडं पडतं. तिला पांढऱ्या रंगाची हौस भागवायचीच असेल तर प्लायचं एखादं स्टूल द्या. सागावर नको, माझा जीव तुटतो.

तुमच्या यजमानांच्या पॉलिशलाही माझा विरोधच. चकाचक करायचं तर नवं घ्यावं की!

एक तपासणी मात्र चुकवू नका. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण मागच्या फळ्या बऱ्याचदा हलक्या लाकडाच्या असतात. खाली रात्रभर काळा कागद पसरा. सकाळी पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगा जिवंत आहे. औषध मारल्याशिवाय कपाट इतर फर्निचरजवळ नेऊ नका.

गंजलेली जाळी बदला, बिजागऱ्या बदलू नका. एखादी तुटलीच असेल तर जोडीची जुन्या बाजारात शोधा, आणि जुनी सोबत न्या. अंदाजाने आणलेली बसत नाही.