ड्राय ग्लोव्हमध्ये पाणी नेमके कुठून शिरते?

प्रश्न : तारकर्लीला वेटसूटमध्ये (ज्यात पाणी आत शिरते असा सूट) डायव्हिंग शिकल्यानंतर आता आइसलँडमधील सिल्फ्रा या थंड पाण्याने भरलेल्या भेगेत बुडी मारण्याचा बेत आहे. त्यासाठी ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडे ठेवणारा हवाबंद सूट, आणि मनगटावर रिंगने बसणारे ड्राय ग्लोव्ह घेतले. पुण्यातील तलावात सराव करताना दर वेळी उजव्या हाताचे आतले लोकरी लायनर ओले होते, डावे मात्र कोरडे राहते. रिंगभोवती चिकटपट्टी गुंडाळावी की ग्लोव्हच बदलावेत?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : यांपैकी काहीही करण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे. पुण्याच्या तलावातील उबदार पाण्यात, हवाबंद ग्लोव्हच्या आत, हाताला घाम येतोच. पण तसे असते तर दोन्ही लायनर सारखीच दमट झाली असती. एकच हात भिजतो, म्हणजे ही गळतीच आहे.

उजवाच हात का, याचे उत्तर बहुधा ग्लोव्ह चढवण्याच्या क्रमात सापडेल. आपण डावा ग्लोव्ह आधी घालत असाल, तर उजवी रिंग बसवण्याची वेळ येते तेव्हा डाव्या हाताची बोटे जाड ग्लोव्हमध्ये अडकलेली असतात. त्यांना ओ-रिंग (रिंगच्या खाचेत बसून पाणी अडवणारी लवचिक गोल कडी) जाणवत नाही, रिंग किंचित तिरकी बसते आणि लायनरची कड किंवा लोकरीचा एखादा धागा मध्ये चिमटला जातो. तेवढा एक धागाही पाण्याला वाट करून देण्यास पुरेसा असतो. म्हणून लायनरची कड रिंगपासून पूर्णपणे आत सारावी, ओ-रिंग आणि तिची खाच पुसून त्यावर केस अथवा वाळूचा कण नाही ना हे उजेडात पाहावे, ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा आणि दुसरी रिंग सोबत्याकडून बसवून घ्यावी. ओ-रिंग सिलिकॉनची असल्यास तिला सिलिकॉन ग्रीस लावू नये, कारण त्याने ती फुगते. अशा वेळी उत्पादकाने सांगितलेलेच ग्रीस वापरावे. चिकटपट्टीने मूळ दोष झाकला जाईल, बरा होणार नाही.

एकदा क्रम बदलून, उजवा ग्लोव्ह आधी घालून पाहावा. ओलावा डाव्या हाताकडे गेला, तर दोष बसवण्यात आहे. उजवीकडेच राहिला, तर ग्लोव्ह तपासावा. लायनर काढून ग्लोव्हमध्ये पाणी भरावे, तोंड घट्ट पिळून धरावे आणि दाबावे. सुईच्या टोकाएवढे छिद्रही थेंबाने उघडे पडते. अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचक्याकडे व बोटांच्या टोकांकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे काही आढळले नाही, तर पूर्ण जोडलेली बाही फुगवून रिंगभोवती साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे येतात का ते पाहावे.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला मात्र ग्लोव्हच्या आतील रिस्ट सीलबद्दल, म्हणजे सूटच्या बाहीच्या टोकाला मनगटाभोवती घट्ट बसणाऱ्या लवचिक पट्टीबद्दल आहे. रिंग आहेच, मग सील कशाला, असे समजून काहीजण ते काढून टाकतात. मग ग्लोव्ह फाटला की पाणी थेट सूटमध्ये शिरते. सिल्फ्रातील पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे लक्षात घेता ही जोखीम पत्करू नये. सील ठेवल्यास सूटमधली हवा ग्लोव्हमध्ये पोहोचण्यासाठी सीलखालून एक बारीक नळी किंवा लोकरीचा धागा न्यावा लागतो. अन्यथा खोली वाढेल तसा ग्लोव्ह हाताला आवळत जातो. तिथल्या १८ मीटर या कमाल मर्यादेला दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट होतो. ग्लोव्ह फाटल्यास या वाटेनेही पाणी आत येईल, परंतु बरेच सावकाश, आणि आपल्याला बुडी थांबवून वर येण्यास अवधी मिळेल.

सील लॅटेक्सचे असेल, तर हातांना खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावून ते चढवू नये. तेलाने लॅटेक्स सैल पडते. हात साबणाने धुऊन, कोरडे करून, बिनवासाची टाल्क लावावी. मनगटावरील हाडाच्या वर, म्हणजे कोपराच्या बाजूला, सील सपाट बसवावे; मूठ आवळल्यावर मनगटातील कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) उठून पन्हाळी तयार होते, त्यामुळे पाण्याखाली वस्तू घट्ट धरणाऱ्या हाताला गळती अधिक होते. वापर झाल्यावर सर्व गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. एप्रिल-मे महिन्यांत सूट माळ्यावर अथवा गाडीच्या डिकीत ठेवू नये, उन्हाळ्याच्या उष्णतेत लॅटेक्स लवकर चिकट होऊन चिरते.