एआयच्या काळात विद्यापीठांनी विद्यार्थ्यांचं मूल्यमापन कसं करावं?

घरून लिहून आणलेल्या मजकुराला थेट मार्क देणं थांबवावं आणि ओरल मनापासून घ्यावी, असं माझं मत आहे. मी इंजिनीअरिंगच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो.

एआयचं लिखाण ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुणालाही नापास करू नये. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि नीट ओळखत नाही म्हणून जुलैत बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या साधनांनी एआयच्या खात्यात टाकले! मराठी माध्यमातून आलेली, साधं सरळ इंग्रजी लिहिणारी आमची मुलं इथे सगळ्यात आधी अडकणार. हा अन्याय मला मान्य नाही.

सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे सरळ दोन भाग केले: काही परीक्षा देखरेखीखाली, समोर बसवून, बाकीच्या कामात एआय वापरायला मोकळीक. मला हे पटतं.

आपल्याकडे तर टर्मवर्क, प्रॅक्टिकल, ओरल, बाहेरून येणारे एक्स्टर्नल ही सगळी व्यवस्था आधीपासून आहे. फक्त ती पोकळ झाली आहे. सीनियरच्या फाईलवरून जर्नल उतरवायचं, ओरलला पाठ केलेल्या दोन व्याख्या म्हणायच्या, हे एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. त्याऐवजी मुलाला त्याचाच प्रोग्रॅम उघडायला सांगा. इथे अ‍ॅरे का घेतलास? इनपुट रिकामा आला तर काय होईल? ही अट बदलून दाखव. कोड एआयकडून घेतला असेल तरी हरकत नाही, पण तो समजलेला आहे की नाही हे तेवढ्यात कळतं.

अडचण वेळेची आहे. साठ मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे एका विषयाला दहा तास. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून हे होणार नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना या तासांचं मानधन मिळालंच पाहिजे.

शिवाय ओरलमध्ये मराठीतून उत्तर द्यायची मुभा हवी. इंग्रजीत अडखळणारा मुलगा मराठीत तोच प्रोग्रॅम ओळ न ओळ समजावतो, आणि आपल्याला तेच तर तपासायचं आहे.